पॅक कर की, भावा!

कोल्हापुरात ‘माघार’ हा शब्द जवळपास शिवीसारखाच. म्हणून इथं पोकर शिकणं अवघड! रंकाळ्याजवळ मित्राच्या गच्चीवर शनिवारी आमचा अड्डा जमतो. पैसे नाहीत, चिप्सच्या जागी शेंगदाणे. तीनपत्तीवर वाढलेली ही पोरं दोन पानं हातात पडली की थेट उडीच घेतात.

पण बॉस, हिशेब बघा. दोन पानांच्या १३२६ शक्यता. त्यात जोडी येते सरासरी सतरा डावांत एकदा, एक्क्यांची तर २२१ डावांत एकदा. पहिल्यांदा बोलायची पाळी असेल तर मोठी जोडी किंवा एक्का-राजा अशा पानांवरच खेळा, बाकी पॅक. शेवटी बोलणार असाल तर हात थोडा सैल सोडा, कारण तोवर इतरांचे इरादे कळलेले असतात.

पटत नसेल तर शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघा. पैलवान आधी खडाखडी करतो, समोरच्याचा जोर जोखतो, मगच डाव टाकतो. तिथं मागं सरकलेल्या पावलाला कुणी माघार म्हणत नाही. हे ज्याला कळलं, त्याच्याकडं रात्री उशिरापर्यंत शेंगदाणे उरतात.