सिंकखालची बादली

बरेच दिवस झाले काही लिहिलं नाही. कारण काही नाही, नुसता आळस. पण परवा मामीचा फोन आला आणि डिसेंबरातली सडक अर्जुनीची ट्रिप आठवली. नातेवाईकांपैकी निम्म्यांना ही गोष्ट नवरोबाच्या तोंडून कळलेली आहे. त्यात तो हीरो आहे. ही खरी गोष्ट :)

आधी थोडं मागचं सांगते. २००४ ते २००९ आम्ही मिशिगनमध्ये होतो. तिथे एका मित्राकडे पॉप-अप ट्रेलर होता. म्हणजे गाडीमागे ओढायची एक बसकी पेटी. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवायचं, छत वर जातं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर सरकतात आणि भोवती कापडाच्या भिंती. आत टीचभर ओटा आणि त्यात टीचभर सिंक. पाणी हातपंपाने उपसायचं. आम्हाला त्या सिंकचं फार कौतुक होतं. पण या प्रकारात बहुधा एक गंमत असते, सिंकमधून निघालेलं पाणी साठवायला टाकीच नसते. खालून एक पाइप बाहेर येतो आणि संपतो. पुढे काय करायचं ते तुम्ही बघा.

तिथल्या बहुतेक स्टेट पार्कांत ते पाणी जमिनीवर सोडायला मनाई. पाइपाखाली बादली किंवा चाकांची छोटी टाकी ठेवायची, भरली की ठरलेल्या जागी नेऊन ओतायची. रानात पाठीवर सामान घेऊन फिरणाऱ्यांसाठी वेगळा नियम: ओढ्या-तळ्यापासून दोनशे फूट, म्हणजे सत्तर मोठी पावलं लांब जा, पाणी गाळून घ्या, शितं पिशवीत भरून परत आणा आणि उरलेलं पाणी एका जागी न ओतता शिंपडून टाका. मला तेव्हा हे जरा अतीच वाटायचं. भांडी विसळलेलं पाणी, त्यात काय एवढं! इंग्रजीत त्याला करडं पाणी म्हणतात, संडासाचं ते काळं. आपल्याकडे त्याला रंग नाही, त्याला आपण खरकटं म्हणतो. आणि खरकटं म्हटलं की ते कुठे पडलंय, कुणाचा पाय लागतोय, याची आपोआप चौकशी सुरू होते. हे मात्र मला तेव्हा सुचलं नव्हतं.

असो. तर नवरोबाच्या डोक्यातून तो ट्रेलर गेलाच नाही. नागपुरात आल्यावर इतक्या वर्षांनी त्याने एका फॅब्रिकेशनवाल्याच्या मागे लागून तसाच ट्रेलर बनवून घेतला. हातपंप, सिंक, सगळं तस्संच. आणि पहिली ट्रिप कुठे? तर माझ्या मामीकडे.

इथे एक खुलासा. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक अर्जुनी मोरगाव, नवेगावबांधकडची. दुसरी नागपूर-रायपूर सडकेवरची, म्हणून सडक अर्जुनी. हा रस्ता आधी हायवे नंबर सहा होता, आता त्रेपन्न आहे. मामीचं गाव या दुसऱ्या अर्जुनीच्या तालुक्यात. जंगल जवळ आहे, पण नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प झालेला, त्यामुळे जंगलात ट्रेलर लावून राहण्याचा प्रश्नच नव्हता. मामीच्या शेतात, बोडीच्या पाळीजवळ लावायचं ठरलं.

बोडी म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी. भंडारा-गोंदियाकडे प्रत्येक मोठ्या गावाला तलाव असतो. जुन्या काळी कोहळी लोकांनी आणि मालगुजारांनी बांधलेले. १९५१ ला मालगुजारी गेली आणि हे झाले 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे थोडक्यात मामा तलाव. (लहानपणी मला वाटायचं की सगळे तलाव माझ्या मामाचेच आहेत.) बोडी म्हणजे त्याचं धाकटं भावंड, शेतातलं, खाजगी, धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला खोदलेलं. मामाची बोडी तर मामाचा जीव की प्राण होती. दर उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळ बुजवायचा. मामाला जाऊन आता तीन वर्षं झाली. शेत ठोक्याने दिलंय. बोडीत गावातले एक ढिवर काका मासे सोडतात आणि निम्मे पैसे मामीला देतात. फार नाहीत, पण ते तिचे हक्काचे. मुलाकडे मागावे लागत नाहीत.

मामा गेल्यानंतर मी तिथे पहिल्यांदाच राहायला जात होते. दरवेळी काहीतरी निघायचं... मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं ऑपरेशन. खरं तर मामाशिवायची बोडी बघायची नव्हती.

पोचलो तेव्हा धान निघालेलं होतं. बांध्यांमध्ये लाखोरी कोवळी हिरवी दिसत होती. मामी पाळीवर येऊन ट्रेलरभोवती एक फेरी मारून गेली. छत वर जाताना बघून तोंडाला पदर लावून हसली. मग वाकून खालचा पाइप बघितला आणि विचारलं, "आणि हे पानी कोठी जाते, जावईबापू?" जावईबापूंनी रुबाबात बादली दाखवली. मामी "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' मी ओळखते.

रात्री मटण केलं. सावजी मसाला, वर बोटभर तर्री. भांडी सिंकमध्येच धुवायची असा मुलांचा हट्ट. त्या रात्री थंडी मरणाची होती. सकाळी उठून बघते तर सिंक काठोकाठ भरलेलं, वर पांढुरका थर. झालं काय होतं, पाइप मध्ये झोळीसारखा लोंबत होता. त्या खोलगटात शितं अडकली, त्यावर मटणाची चरबी थंडीने गोठली, झालं बूच तयार. नवरोबाने गॅसवर पातेलंभर पाणी उकळवून ओतलं. एक मिनिट काही नाही. मग ढुप्प आवाज झाला आणि रात्रीचं सगळं एकदम खाली आलं. बादली आधीच पाऊण भरलेली. ती ओसंडली, कलंडली, आणि लाल तेलाचा, साबणाच्या फेसाचा तो ओघळ उतारावरून सरळ बोडीत. ट्रेलर पाळीला खेटून लावला होता ना, 'लेकव्ह्यू' हवा म्हणून! सत्तर पावलं सोडा, सात पावलंही नव्हती.

नेमके तेव्हाच ढिवर काका जाळं घेऊन आले.

ते काही बोलले नाहीत. पाण्यात उतरले, ओंजळीने फेस बाजूला केला, वास घेतला. मी वर उभी. इतकी लाज मला क्वचित वाटली असेल. मी म्हटलं, काका, मासे मरतील का? ते म्हणाले, "एवढ्यानं नाही मरत बाई. पन येथी बैल पानी पितेत." आणि मामीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मामी खाली मान घालून उभी. पाहुणे तिचे, बोडी तिची, पण काका नाराज होऊन दुसऱ्या बोडीवर गेले तर तिचे पैसे गेले. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि घशात काहीतरी अडकलं.

काकांचं म्हणणं बरोबरच होतं. एका बादलीने बोडी मरत नाही. साबण माशांच्या कल्ल्यांना वाईट, पण तो भरपूर असेल तेव्हा. मात्र बोडी काही नदी नाही. तिच्यात पडलेलं पुढे वाहून जात नाही, तिथेच राहतं, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की घट्ट होत जातं. शेजारच्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर मंडळींनी तलावातली बेशरम उपटून मूळच्या पाणवनस्पती लावल्या आहेत, मासे परत यावेत म्हणून. इतक्या कष्टाने लोक पाणी सांभाळतात आणि आम्ही तर्री सोडतो.

मी काकांची माफी मागितली. नवरोबानेही मागितली (हे तो सांगत नाही). मग ट्रेलर ओढून पाळीपासून लांब, मामीच्या घराच्या परसात नेला.

दुसऱ्या रात्रीचा किस्सा थोडक्यात. इतकं होऊनही आम्ही बादली चाकाशेजारीच जमिनीवर रिकामी केली. मध्यरात्री खालून घुर्र घुर्र. कापडाच्या भिंतीपलीकडे हातभर अंतरावर रानडुकरं ती ओली जागा उकरत होती, भाताच्या वासाने. लेक घाबरून माझ्या कुशीत आणि तिचा बाबा टॉर्च शोधतोय! सकाळी मामी म्हणाली, डुकरंच होती हे नशीब समजा, इकडे अस्वलंही येतात.

मग मामीने सूत्रं हाती घेतली. तिच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं केळीला आणि अळूला जातं. मोरीतून बाहेर एक खड्डा, त्यात तळाला मोठे दगड, वर बारीक गिट्टी, वर रेती. रेतीवर पोत्याचा तुकडा, त्यावर शितं अडकतात, ती कोंबड्यांना. पाणी झिरपून केळीच्या मुळाशी. नांदेडकडे टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघर शोषखड्डे घेऊन गटारंच बंद केली, ते मी वाचलं होतं. मामीने वाचलेलं नाही. तिचा खड्डा मामाने खोदला होता.

आमचीही पद्धत बदलली. ताटं आधी कागदाने पुसायची. तेलकट पातेल्यांना साबण नाही, चुलीची राख. राखेत क्षार असतो, तो तेलाशी मिळून साबणासारखंच काम करतो. पण राखेचं पाणी जास्त झालं तर झाडाला सोसत नाही, म्हणून ते एकाच केळीला रोज नाही. सिंकच्या तोंडाला चहाची गाळणी. पाइप कापून आखूड केला, झोळ गेला. ट्रेलर त्या बाजूला बोटभर कलता ठेवला. बादलीऐवजी झाकणाचा वीस लिटरचा कॅन, आणि तो रोजच्या रोज रिकामा. खरकटं पाणी दिवसाच्या वर ठेवलं की असा वास मारतं की विचारू नका. आमचं पाणी पहिल्या दिवशी दोन कॅन झालं होतं, शेवटच्या दिवशी एकही भरला नाही.

त्या दिवसांत एक गोष्ट बघितली. मामीच्या मोरीचा खड्डा भरला की राहिलेलं पाणी ती कळशीने मागच्या केळींना नेते. गुडघे धरत, दोन पायऱ्या उतरून. मी विचारलं, इतके दिवस कुणी पाइप का नाही लावून दिला? म्हणाली, "तुझा मामा लावनार होता." निघायच्या दिवशी नवरोबाने ट्रेलरचा उरलेला पाइप तिच्या मोरीला जोडून दिला, नीट उतार काढून, झोळ न ठेवता. (इथे तो खरंच हीरो. दिलं क्रेडिट.) जाताना काका पाळीवर भेटले. मुलांसाठी दोन मासे दिले, पैसे घेतले नाहीत. मी मामीकडे बघितलं तर ती दुसरीकडेच बघत होती, पण चेहरा सैल झालेला.

तर परवाचा फोन. मला वाटलं केळीला घड लागला म्हणून केला असेल. तसं काही नाही. पाइप उंदरांनी कुरतडलाय. "येताना जाड आन," म्हणाली, "आन तो डब्बाही आन, पोरींना आवडते."