सोनगीरहून थाळनेर : एका दिवसाची सहल

मुलांनो, सुट्टी लागली की सहलीची यादी ठरलेली असते. अजिंठा, वेरूळ, महाबळेश्वर, नाहीतर मामाचं गाव! आज मी तुम्हांला अशा दोन गावांना नेणार आहे, जी बहुतेकांनी फक्त पाटीवर वाचलेली असतात. दोन्ही आपल्या खानदेशातली, धुळे जिल्ह्यातली. एक आहे रस्त्यावरचं, दुसरं नदीवरचं. पाण्याची बाटली, टोपी आणि डब्यात भाकरी-ठेचा घ्या. चला!

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेला निघालं की साधारण वीस किलोमीटरवर सोनगीर येतं. बसच्या खिडकीतून गावामागची लांबट, अरुंद टेकडी दिसते. तोच सोनगीरचा किल्ला. उंची फार नाही, सावकाश चढलं तरी वीस मिनिटांत माथ्यावर! वर पडक्या दरवाजाचे अवशेष, तटाचे तुकडे आणि एक खोल विहीर आहे. विहिरीत डोकावायची घाई करू नका. मोठ्या माणसाचा हात धरूनच बघायचं.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा टेकडीवर किल्ला कशाला? माथ्यावर उभं राहून चारी बाजूंना नजर टाका, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल. खाली महामार्गावरून ट्रकची रांग चाललेली दिसते. फाट्यावरून एक रस्ता दोंडाईचाकडे वळतो. सगळा मुलूख सपाट, लपायला जागा नाही. कोण येतं, कोण जातं, किती घोडे, किती बैल, सगळं इथून मोजता येतं. म्हणजे हा किल्ला लढण्यापेक्षा पाहण्यासाठी अधिक कामाचा! आणि विहीर का, तेही आता कळलं असेल. गडावर तोफ नसली तरी चार दिवस निभावेल, पाणी नसेल तर एक दिवसही निभणार नाही. या भागावर फारुकी सुलतान आले, मुघल आले, मराठे आले, शेवटी १८१८ मध्ये इंग्रज आले. राज्यं बदलली, पण रस्त्यावर नजर ठेवायची गरज कुणाचीच संपली नाही.

आता खाली गावात उतरू या. सोनगीरचं नाव किल्ल्यापेक्षा जास्त गाजलं ते तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. हंडे, घागरी, गुंड, पराती, बंब! लग्नात मुलीला भांडी द्यायची तर ती सोनगीरची, असं खानदेशात कितीतरी घरांत म्हणत.

तांबटाचं काम पाहण्यासारखं असतं. तांब्याचा पत्रा गोल कापायचा, ऐरणीवर धरून हातोड्याने ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं. पण गंमत अशी, की तांबं जितकं ठोकावं तितकं कडक होत जातं. तसंच ठोकत राहिलं तर तडा जातो. म्हणून मध्येच भट्टीत घालून ते लाल करायचं, की पुन्हा मऊ! ठोकायचं, तापवायचं, पुन्हा ठोकायचं. शेवटी सगळ्या अंगावर हलक्या हाताने एकसारखे ठोके मारायचे. याला मठारणं म्हणतात. उन्हात धरलं की भांड्यावर चांदण्यांसारखे ठिपके चमकतात. ते नुसते शोभेसाठी नसतात बरं का! त्या ठोक्यांनीच भांडं टणक होतं, पोचे पडत नाहीत.

पितळ म्हणजे काय, हेही सांगून टाकतो. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ, कथील मिसळलं की कासं. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून आतून कथलाची कल्हई करावी लागते. ‘कल्हईऽऽ!’ अशी आरोळी तुमच्या आजीने नक्की ऐकली असेल. तुम्ही मात्र ऐकली नसेल. कारण स्टील आलं, प्लास्टिक आलं. त्यांना ना कल्हई लागते, ना चिंचेने घासावं लागतं. पितळेची मागणी घटली, तशी ठोक्यांचा आवाज ऐकत मोठी झालेली पोरंही दुसऱ्या कामाला लागली. हातातली कला वहीत लिहून ठेवता येत नाही. वडिलांच्या शेजारी बसून मुलाने ती उचलावी लागते. मध्ये एका पिढीने हातोडा खाली ठेवला, की पुढच्या पिढीला तो कुठे नि किती जोराने मारायचा हे कोण सांगणार?

सोनगीर सोडून आपण पुन्हा महामार्गाला लागू. नरडाणा मागे टाकलं की सावळद्याजवळ मोठा पूल येतो. खाली तापीमाय! खानदेशी माणूस तिला नुसतं ‘तापी’ क्वचितच म्हणतो. मध्य प्रदेशात मुलताईला ती उगम पावते आणि ७२४ किलोमीटर धावून सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. नकाशा काढून बघा. गोदावरी, कृष्णा, महानदी पूर्वेकडे जातात, तर नर्मदा आणि तापी पश्चिमेकडे. धुळ्याच्या पुलाखालून वाहणारी पांझरासुद्धा मुडावदजवळ हिलाच येऊन मिळते.

पूल ओलांडून शिरपूर, आणि तिथून एस.टी.ने पूर्वेला थाळनेर. आज हे शेतकऱ्यांचं साधं गाव दिसतं. पारावर बसलेली म्हातारी माणसं ‘या, बठा, पानी ल्या’ म्हणतील. पण एके काळी ही राजधानी होती, हे सांगितलं तर खरं वाटेल का? १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकी याला हा मुलूख दिला. त्याने थाळनेरला आपलं ठाणं केलं. पुढे त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं, आणि राजधानी तिकडे गेली.

थाळनेरच का? पुन्हा तेच कोडं, आणि उत्तरही सोनगीरसारखंच. पूल नव्हते तेव्हा तापी ओलांडायची तर उताराची जागा शोधावी लागे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी व्यापाराची वाट इथून जायची. सतराव्या शतकात फ्रान्सचा हिऱ्यांचा व्यापारी ताव्हर्निये याने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात या वाटेवरचे मुक्काम लिहिले आहेत, त्यांत थाळनेर आणि चोपडा ही आपली गावं आहेत!

गावाच्या कडेला, अगदी तापीच्या काठावर, किल्ल्याचं मातीचं उंच टेकाड आहे. एका बाजूला नदी, बाकी तिन्ही बाजूंना खोल घळ. आत जायला एकच वाट, तीही एकामागून एक पाच दरवाजांतून. आज दरवाजे नाहीत, पण त्या वाटेवर क्षणभर थांबा. कारण इथे जे घडलं ते विसरण्यासारखं नाही.

२७ फेब्रुवारी १८१८. होळकरांनी मंदसोरच्या तहात सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना लिहून दिला होता. ताबा घ्यायला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन आला. किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला द्यायचं नाकारलं. तोफा चालल्या. इंग्रज एकेक दरवाजा घेत आत शिरले. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आता उरला शेवटचा दरवाजा. आत अरब शिपाई होते. दिंडी दरवाजा उघडला, काही इंग्रज अधिकारी आत गेले, बोलणं सुरू झालं. पण या बोलण्यात मेळ बसला नाही. झटापट झाली, दोन अधिकारी मारले गेले. मग इंग्रज फौज चवताळून आत घुसली आणि किल्ल्यातली सुमारे तीनशे माणसं कापली गेली. स्वाधीन झालेल्या तुळशीरामालाही फाशी दिलं. ही फाशी खुद्द इंग्रजांनाही बोचली. १८१९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटमध्ये हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानताना यावर प्रश्न विचारले गेले.

विचार करा. पाच दरवाजांपैकी चार ओलांडून झाले होते, लढाई जवळजवळ संपली होती. शेवटच्या दारात दोन्हीकडच्यांना एकमेकांचं म्हणणं नीट समजलं असतं, तर ती माणसं कदाचित वाचली असती. शाळेच्या पुस्तकात या लढाईला एक ओळसुद्धा मिळत नाही.

गावाजवळच फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, त्यांना हजिरा म्हणतात. मलिक राजा इथेच चिरनिद्रा घेतो आहे. त्यांतल्या अष्टकोनी इमारतीवरचं कोरीवकाम नीट न्याहाळा. दगडात काढलेली नक्षी आणि सोनगीरच्या भांड्यावरचा ठोका, दोन्हीला तोच संयम लागतो. आणि हो, थाळनेरची एक गोड आठवण राहिलीच. लता मंगेशकरांचं आजोळ हेच! त्यांच्या आई थाळनेरच्या.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात खानदेशचं ऊन टाळकं तापवतं. नदीत उतरायचं नाही. दर पावसाळ्यात किल्ल्याची माती थोडी थोडी खचते, त्यात आपण विटा-दगड उपसून भर घालायची नाही. आणि भिंतीवर खडूने, खिळ्याने आपलं नाव? मुळीच नाही!

नाव कोरायची हौस असेल, तर त्यासाठी दुसरी जागा आहे. मी पडलो शिक्षक, गृहपाठ दिल्याशिवाय कसा सोडेन? घरी माळ्यावरचं सगळ्यात जुनं पितळेचं भांडं खाली काढा. चिंच-मीठ लावून घासा. काठावर बारीक टिंबांनी घातलेलं नाव दिसेल, कधी पणजीचं, कधी लग्नाच्या तारखेसकट. ते वाचा, आजीला विचारा हे कुठून आलं, कुणी दिलं, आणि वहीत लिहून ठेवा. भांड्यावर ठोक्यांचे ठिपके आहेत का, तेही पाहा. असतील तर ते भांडं भंगारवाल्याला देऊ नका, एवढं आईला सांगा.