स्वातंत्र्यदेवतेच्या सावलीत

निरर्थक खटाटोपाला इंग्रज माणूस 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' म्हणतो. इंग्लंडच्या ईशान्येकडील या शहराभोवती एके काळी इतका कोळसा निघत असे! शहराच्या नैर्ऋत्येला, डरवेंट नदीच्या खोऱ्यात, रोलँड्स गिल नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारच्या वनराईत दडलेली गिबसाइडची जहागीर याच काळ्या सोन्यावर उभी राहिली.

फाटकातून आत शिरले की सुमारे अर्धा मैल लांबीचा, ओकच्या झाडांनी वेढलेला सरळ हिरवा पट्टा समोर येतो. त्याच्या एका टोकाला घुमटाचे देखणे प्रार्थनामंदिर, तर दुसऱ्या टोकाला सुमारे १४० फूट उंचीचा दगडी स्तंभ. स्तंभाच्या माथ्यावर स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती आहे. खाणमालक व पार्लमेंटचा सभासद जॉर्ज बोज याने हा स्तंभ १७५७ मध्ये पूर्ण केला. त्याची एकुलती एक मुलगी मेरी एलिनॉर तेव्हा आठ वर्षांची होती. बापाने तिला मुलासारखे शिकवले, भाषा आणि वनस्पतिशास्त्राची गोडी लावली. १७६० मध्ये तो गेला आणि अकरा वर्षांची मेरी इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत वारसदारांपैकी एक झाली.

मृत्युपत्रात जॉर्जची एक अट होती : मुलीशी लग्न करील त्याने बोज हे आडनाव घ्यावे. स्कॉटलंडमधील ग्लाम्स किल्ल्याचा धनी, स्ट्रॅथमोरचा नववा अर्ल जॉन लायन याने ती मानली. मेरीच्या अठराव्या वाढदिवशी, २४ फेब्रुवारी १७६७ रोजी, लग्न झाले. नवरा रूपवान, पण स्वभाव जुळले नाहीत. पाच मुले झाली. या काळातली मेरीची आठवण म्हणजे गिबसाइडचे 'ऑरेंजरी', म्हणजे उष्ण प्रदेशातील झाडे जपण्याचे काचघर. आज त्याचे छप्पर नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत.

मार्च १७७६ मध्ये लिस्बनच्या वाटेवर बोटीतच क्षयाने अर्लचे निधन झाले. सत्तावीस वर्षांची विधवा लंडनच्या वर्तमानपत्रांना आयतीच सापडली. बंगालमध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत पैसा मिळवून परतलेल्या जॉर्ज ग्रे याच्याशी तिचे नाव जोडले गेले, आणि ते खोटेही नव्हते. त्याच्याशी लग्न ठरत असतानाच अँड्र्यू रॉबिन्सन स्टोनी हा आयरिश लेफ्टनंट पुढे आला. एका श्रीमंत पत्नीला त्याने आधीच स्मशानात पोचवले होते आणि तिच्या छळाच्या कहाण्या न्यूकॅसलमध्ये सर्वश्रुत होत्या. मेरीची बदनामी छापणाऱ्या 'मॉर्निंग पोस्ट'च्या संपादकाशी त्याने जानेवारी १७७७ मध्ये द्वंद्वयुद्ध केले. आपल्या अब्रूसाठी लढून मरणाच्या दारी पडलेल्या वीराची शेवटची इच्छा मेरीने मान्य केली. चार दिवसांनी नवरदेवाला उचलूनच चर्चमध्ये आणण्यात आले. लग्न लागले आणि 'मरणोन्मुख' वीर खडखडीत बरा झाला! ते द्वंद्व संपादकाशी संगनमत करून रचलेले नाटक होते, असे अभ्यासकांचे मत आहे.

मेरी अगदीच बेसावध नव्हती. लग्नाआधी तिने आपली मालमत्ता स्वतःच्या ताब्यात राहील असा दस्त गुपचूप करून ठेवला होता. आपल्याकडील स्त्रीधनाची कल्पना तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात नव्हती. लग्न होताच बायकोचे असेल-नसेल ते नवऱ्याचे. असा दस्त हीच काय ती पळवाट. स्टोनीला त्याचा सुगावा लागला आणि १ मे १७७७ रोजी त्याने मारहाण व धमक्यांच्या जोरावर तो रद्द करणाऱ्या कागदावर तिची सही घेतली. पुढची आठ वर्षे उपासमार, मारझोड, पाळत. गिबसाइडची झाडे कर्ज फेडण्यासाठी तोडली जात होती. ज्या बाईने पदरच्या पैशाने विल्यम पॅटर्सन या वनस्पतिसंग्राहकाला आफ्रिकेच्या टोकापर्यंत धाडले, तिला आपल्याच बागेत फिरायला नवऱ्याची परवानगी लागे. आणि हाच गृहस्थ 'बोज' हे आडनाव लावून न्यूकॅसलचा खासदार म्हणून मिरवत होता!

सुटका केली ती मेरी मॉर्गन नावाच्या दासीने. ३ फेब्रुवारी १७८५ रोजी तिच्या मदतीने मेरी लंडनच्या घरातून निसटली आणि तिने घटस्फोटाचा दावा लावला. त्या काळी बाईने असा दावा लावणे हेच मोठे धाडस. नोव्हेंबर १७८६ मध्ये स्टोनीच्या माणसांनी भर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून तिला पळवून उत्तरेला स्ट्रीटलम किल्ल्यात नेले. पिस्तूल रोखून दावा मागे घेण्यास सांगितले. ती बधली नाही. मग बर्फातून, डोंगरातून घोड्यावर टाकून वणवण. मागावर सारा मुलूख उठला होता, त्यात खाणमजूरही होते. आठव्या दिवशी डार्लिंग्टनजवळ एका साध्या शेतकऱ्याने स्टोनीला अडवले आणि मेरी सुटली.

मार्च १७८९ मध्ये घटस्फोट कायम झाला, मालमत्ता परत मिळाली. स्टोनीला अपहरणाबद्दल तुरुंगवास झाला, आणि पुढे कर्जापायी १८१० मध्ये मरेपर्यंत तो तुरुंगाच्याच अखत्यारीत राहिला. थॅकरेला 'बॅरी लिंडन' या कादंबरीचा नायक त्याच्यातच सापडला. इंग्लंडमधल्या सर्व विवाहित स्त्रियांना स्वतःच्या मालमत्तेवर हक्क मिळायला मात्र १८८२ साल उजाडावे लागले.

मेरी २८ एप्रिल १८०० रोजी वारली. तिला पुरले ते गिबसाइडला नव्हे, तर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत. गिबसाइडच्या मंदिराखालच्या तळघरात तिचा बाप आहे, थोरला मुलगा दहावा अर्लही आहे. या मुलाची गोष्टही चटका लावणारी. सामान्य घरातली मेरी मिलनर ही वर्षानुवर्षे त्याची सहचारिणी होती, दोघांना मुलगाही होता. मरणाच्या आदल्या दिवशी, २ जुलै १८२० रोजी, त्याने तिच्याशी लग्न केले. तरीही मुलाला अर्लपद मिळाले नाही. ते धाकट्या भावाकडे गेले. त्या शाखेत १९०० साली एलिझाबेथ बोज-लायन जन्मली. राणी दुसऱ्या एलिझाबेथची ती आई.

पदवी हुकलेल्या जॉन बोजने आपल्या फ्रेंच पत्नीसह चित्रे आणि कलावस्तू जमवल्या. बार्नर्ड कासल या गावातले त्यांचे 'बोज म्युझियम' १८९२ मध्ये उघडले, पण तोवर दोघेही हयात नव्हते. तिथला चांदीचा यांत्रिक राजहंस पाहण्याजोगा आहे.

गिबसाइडचा वाडा १९२० च्या दशकात मोकळा करण्यात आला. आता छपराविना नुसत्या भिंती आहेत. जहागीर 'नॅशनल ट्रस्ट' सांभाळते. या खोऱ्यात २००४ पासून सोडलेल्या तांबड्या घारी नशीब असेल तर स्तंभाभोवती घिरट्या घालताना दिसतात. सोबत छत्री आणि चिखलात चालणारे बूट हवेतच. उन्हाळ्यातही तिथल्या पावसाचा भरवसा नाही.