घर विकायचं, पण आधी कागद

फौजी माणूस लग्न रजेत करतो, घर रजेत बांधतो आणि विकायची वेळ आली तर तेही रजेतच. वर्षाची साठ दिवसांची रजा. त्यात पाहुणेरावळे, आजारपणं, मुलांची शाळा सगळं बसवायचं. म्हणून तेजपूरला पोस्टिंग असताना साताऱ्याचं घर विकायचं ठरलं, तेव्हा गिऱ्हाइकाआधी मी कागद शोधायला घेतले. ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमच्या मेसमध्ये हा विषय निघाला की अख्खा देश बोलू लागतो. पंजाबी उस्ताद म्हणतो, "पहले फर्द निकलवाओ." तमिळ हवालदार विल्लंगम सर्टिफिकेटचं नाव घेतो, म्हणजे मालमत्तेवर बोजा आहे की नाही त्याचा दाखला. आसामात तर पट्टाच दोन तऱ्हेचा. मियादी पट्ट्याची जमीन विकता येते, एकसना पट्ट्याची नाही. नावं वेगळी, प्रश्न दोनच: हे तुझंच आहे का? आणि यावर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे का?

आमचं घर सिटी सर्व्हेच्या हद्दीत, त्यामुळे सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड. तेजपुरात बसून ते ऑनलाइन काढलं. धारक म्हणून नाव आजोबांचं. आजोबा १९८७ साली गेले, आजी १९९४ साली, अण्णा २०१९ साली. घरपट्टी अण्णांच्या नावानं येत होती, वीजबिलही. पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. ती फक्त पैसे कोण भरतंय एवढं सांगते.

वकिलांनी वंशावळ मागितली. मी कागदावर ती काढली आणि तिथेच थांबलो. आजोबांना दोन अपत्यं: अण्णा आणि कोरेगावची आत्या. घर आजोबांनी स्वतः १९५८ साली खरेदी केलेलं, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी तिघांना सारखा हिस्सा. आजीचा हिस्साही पुढे दोघा मुलांत. म्हणजे निम्मं घर आत्याचं. अण्णांच्या निम्म्यात आई, बहीण आणि मी.

घरात शांतता पसरली. आईच्या नव्या फ्लॅटचा हिशोब पूर्ण रकमेवर मांडलेला होता. एका नातेवाइकांनी सुचवलं, "आत्याला कशाला विचारता? एक सही घ्या, साडी-चोळी करा." सही सोपी होती. आत्यानं शहात्तर वर्षांत माहेरी कधी काही मागितलं नव्हतं.

मी कोरेगावला गेलो आणि कार्ड तिच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं, आईच्या फ्लॅटचंही. ती बराच वेळ आजोबांच्या नावावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "बाळा, आधी माझं नाव चढव. काय सोडायचं ते मग मी ठरवीन."

नाव चढवलं. मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नोटिसा, हरकतीची मुदत. यात माझी रजा संपली, पुढचं मेहुण्यांनी बघितलं. कार्डावर चौघांची नावं आली तेव्हा आत्यानं त्याची रंगीत प्रत मागून घेतली. नंतर तिनं आपल्या हिश्श्यातला निम्मा आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्रानं सोडला, निम्मा ठेवला. आईनं फ्लॅट एका खोलीनं लहान घेतला. कुणाचं कुणाशी बोलणं बंद झालं नाही.

दुसरी अडचण बोजाची. आजोबांनी १९७९ साली एका संस्थेकडून घेतलेलं कर्ज फिटलं होतं, पण कार्डावरचा बोजा तसाच. संस्थेत तीन खेटे घातल्यावर बेबाकी दाखला मिळाला, मग तो कमी झाला. कर्ज फेडणं वेगळं आणि नोंद उतरवणं वेगळं, हे प्रत्येक फौजी भावानं लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. रजा न मिळाल्यास कुलमुखत्यारपत्र करावं लागतं. युनिटचा शिक्का मारलेलं पत्र तिथं चालत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या निबंधक किंवा उपनिबंधकासमोर ते करून प्रमाणित करून घ्यावं लागतं. मी तेजपुरात केलं आणि मेहुण्यांना फक्त या एका घरापुरते अधिकार दिले. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घर "विकत" घेणाऱ्यांपासून सावध राहा. अशानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्ट केलंय.

कराचंही आधीच बघा. २००१ च्या आधीची मालमत्ता असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. प्रत्येक हिस्सेदाराचा हिशोब वेगळा.

शेवटी गिऱ्हाईक आलं, एक तरुण जोडपं. कागद त्यांच्या वकिलानं बघितले, तीस वर्षांचा सर्च घेतला. पण मागच्या खोलीत पावसाळ्यात पाणी झिरपतं, आणि डावी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, हे कुठल्याच कागदात नव्हतं. ते आले उन्हाळ्यात, भिंती कोरड्या. एजंट डोळ्यांनी खुणावत होता. सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं. कायदा नसता तरी सांगितलंच असतं, कारण पहिल्या पावसात त्या खोलीत त्यांचं मूल झोपणार होतं. त्यांनी पन्नास हजार कमी केले आणि व्यवहार त्याच आठवड्यात ठरला.

फौजेत किट लेआउट असतं. मोजे, मेस टिन, सुई-दोरा सगळं चादरीवर मांडायचं, म्हणजे काय कमी आहे ते साहेबांच्या आधी आपल्याला दिसतं. घर विकायचा विचार पाच वर्षं पुढचा असला तरी पुढच्या रजेत एक दिवस काढा आणि कार्ड, खरेदीखत, दाखले असेच मांडा. वंशावळ काढताना घरातल्या बायकांची नावं आधी लिहा. बहुतेक घरांत राहून जातात ती तीच.

जय हिंद.