कोड येतो, ओळख कुठून आणायची?

आम्ही चौघे मराठवाड्यातून पुण्यात आलो. कात्रजला एका खोलीत राहून सहा महिन्यांचा कोडिंगचा कोर्स केला. एकाच्या आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरली. जाहिरातीत बड्या कंपन्यांची नावे होती, 'शंभर टक्के प्लेसमेंट' असे शब्द होते. वर्ष उलटले. दोघांना छोट्या कंपनीत काम मिळाले, तिसरा कॉल सेंटरला आहे, चौथा पुन्हा स्पर्धा परीक्षेकडे वळला. बड्या कंपनीच्या मुलाखतीपर्यंत एकही पोहोचला नाही.

आम्ही कमी पडलो का? काही अंशी पडलो, हे आधी कबूल करतो. कोर्सने जावास्क्रिप्ट आणि रिॲक्ट शिकवले, आम्हाला वेबसाइट बनवता आली. बड्या कंपन्या मात्र डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमची परीक्षा घेतात. ती तयारी सहा महिन्यांत उरकत नाही. हे कोर्सवाल्यांना ठाऊक असते, फी भरणाऱ्या आईला नसते.

ही फसगत पुण्यापुरती नाही. अमेरिकेत लॅम्डा स्कूल नावाची अशीच संस्था होती, पुढे तिने नाव बदलून ब्लूमटेक केले. ती ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते असे सांगत होती. प्रत्यक्षात हा आकडा ५० टक्क्यांच्या आसपास, काही तुकड्यांत तर ३० टक्क्यांवर होता. २०२४ साली तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने तिच्यावर कारवाई केली. आपल्याकडे हे आकडे तपासतो कोण?

पण परीक्षेच्याही आधी एक दार आहे. दहावीपासून प्रत्येक वर्षी ६० टक्के हवेत, शिक्षणात खंड नको, अशा अटी अनेक ठिकाणी असतात. बाप आजारी पडला म्हणून वर्षभर मजुरी केलेल्या पोराचा अर्ज माणसाने वाचण्याआधीच बाद होतो. त्यातून वाचलाच, तर 'रेफरल' लागतो. आतल्या कर्मचाऱ्याने नाव सुचवले की अर्ज पुढे सरकतो. ज्याचा मामा, वर्गमित्र, सोसायटीतला शेजारी आत आहे, त्याला ते सहज मिळते. आमच्या वस्तीतून आत गेलेलेच मोजके, मग आमचे नाव कोण सुचवणार? खासगी क्षेत्रात आरक्षण नको, गुणवत्ता हवी, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, ही ओळख कोणत्या गुणवत्तेत मोजायची?

१९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धी त्यांची होती, तरी वाटखर्चाला कुणाचा तरी हात लागला. तो हात आता आपणच व्हायला हवे.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींचे. सरकारने प्रत्येक कोर्सला नोकरीचे तपासलेले आकडे जाहीर करायला लावावे. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आपण सोडू नये. आणि हिंजवडीत, खराडीत पोहोचलेल्या आपल्या बंधू-भगिनींनी रविवारचे दोन तास विहारात अल्गोरिदम शिकवावे, तयार झालेल्या पोरांना रेफरल द्यावा. जयंतीच्या वर्गणीतून या वर्गाला दोन लॅपटॉप नक्कीच निघतील.

आमच्यातल्या नोकरीला लागलेल्या दोघांनी येत्या रविवारपासून सुरुवात करायचे ठरवले आहे. तुम्ही कधी करताय?

जय भीम!