ताण

डिसेंबर उजाडला की होस्टेलवर सगळ्यांना सबमिशनचा ताण. आमच्याकडे वरूडला याच दिवसांत ताण देतात तो संत्र्याला!

थंड देशांत फळझाडांना हिवाळाच झोपवतो. आपली थंडी तेवढी पुरत नाही, म्हणून आंबिया बहारासाठी शेतकरी ओलीतच बंद करतो. वाढ थांबते, झाड फुलासाठी तयार होतं. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसतो; काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, तिथं दोन महिनेही लागतात. मधेच अवकाळी पाऊस आला की ताण तुटला! आणि जास्त ताणलं तर फांद्या वाळतात.

विहिरीत पाणी असताना मोटार बंद ठेवायची, हे सोपं नाही मित्रांनो. आई म्हणते, "झाडं सुकून राह्यली जी, सोडा ना पाणी!" बाबा काही बोलत नाहीत, रोज पानं बघून येतात. माझी मेसची फी त्याच फुलांवर असते.

जानेवारीत पाणी सुटतं, तेही बेतानं. पहिलं हलकं, मग वाढवत न्यायचं. थोड्याच दिवसांत बाग पांढरी!

ताण द्यायला कुणालाही जमतं. तो कधी तोडायचा, ते पानं बघणाऱ्यालाच कळतं. सर, आमचीही पानं मलूल झालीत... बघा जरा!