मुक्काम पोस्ट कडा

शिंदळ माकुडी हर्बेरियमच्या शीटवर चढवणं मोठं चिकट काम. साधं झाड वर्तमानपत्राच्या घडीत घालून दाबलं की काही दिवसांत वाळतं. हिचं खोड मांसल, पाण्यानं भरलेलं. दाबाखालीही ही बया जिवंतच राहते. म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारावी लागते. एवढं करून कागदावर उरतं काय, तर तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी. किरमिजी फुलावरचे पिवळे ठिपके कधीच गेलेले असतात. म्हणून फुलाचा रंग डोंगरावर असतानाच टिपून घ्यायचा, मग तो लेबलवर येतो.

मला नमुन्यापेक्षा ते लेबलच जास्त बोलकं वाटतं. गाव, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ही वनस्पती शास्त्राच्या दप्तरी आणली निकोल डाल्झेल यानं, 1860च्या दशकात, जुन्नरकडच्या डोंगरांतून. तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मानार्थ त्यानं तिला 'फ्रेरिया इंडिका' केलं. साहेबाचं नाव लागलं. कड्यापर्यंत वाट दाखवणारा कुणी ना कुणी असणारच. त्याच्यासाठी लेबलवर रकाना नसतो.

पुढच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की गंमत होते. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड... ही वनस्पतीची यादी की ट्रेकची? कारण उघड आहे. गडांना ताशीव कडे असतात, तिथे शेळी पोचत नाही, कोयता पोचत नाही. पण दुसरंही कारण आहे आणि ते मला जास्त छळतं: गडावर आपण जातो. बिननावाच्या डोंगराच्या पोटातल्या कपारीत कोण उतरणार? आणि गेलं तरी पावसाळ्यानंतर, फुलं असताना जायला हवं. उन्हाळ्यात पानं गळतात, मग खडकाला चिकटलेल्या त्या निव्वळ कांड्या ओळखायला तयार नजर लागते. तेव्हा नोंदींचा नकाशा थोडा माकुडीचा आणि बराचसा आपल्या पायांचा. ती दुर्मीळ आहे यात शंका नाही, पण नकाशावरची कोरी जागा म्हणजे तिची गैरहजेरी असं मी तरी धरणार नाही.

जुन्या लेबलांवर पत्ता नुसता गावापुरता असतो. शोधायला निघालेला माणूस वैतागतो, चोरही वैतागत असणार. मांसल वनस्पतींचे शौकीन जगभर आहेत, आणि आता जीपीएसचे आकडे टाकले की थेट झुडपापाशी पोचता येतं. काही अभ्यासक म्हणतात, आकडे लिहूच नका. मला ते पटत नाही. शीटवर सगळं लिहावं, शेवटच्या आकड्यापर्यंत, नाहीतर पन्नास वर्षांनी ती तिथे टिकली की गेली हे ताडून कसं बघणार? छापताना मात्र तालुक्यावर थांबावं, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते माहीत असावं.